गेलन रस्कचा डावा डोळा

डिलिंगांच्या घरी ड्रायव्हरला जेवायला बसवत नसत. नियम ओपल डिलिंगचा होता. तिचा नवरा वेंडेल, ज्याला सगळं मिलर्स ग्रोव्ह गाव पॉप म्हणत असे, तोही या नियमापुढे मान तुकवत असे. पॉपच्या गॅरेजमध्ये शर्यतीच्या गाड्या बनत. चारही चाकं उघडी, वर छप्पर नाही, बसायला डबाभर जागा आणि पुढे आडदांड इंजिन. त्याच्या गाड्यांत आजवर दोन माणसं गेली होती, आणि दोघंही आदल्या रविवारी ओपलच्या टेबलावर बसून तिच्या हातचं चिकन आणि नूडल्स पोटभर खाऊन गेली होती. "आता तिसऱ्याचं ताट मी वाढणार नाही," असं तिनं बजावलं होतं. "खायचं ते बाहेर खा, मरायचं ते बाहेर मरा."

म्हणून गेलन रस्क पहिल्यांदा गाडी बघायला आला, तेव्हा त्याचं ताट मागच्या पायरीवर गेलं. ते नेऊन दिलं नोरीननं, डिलिंगांच्या एकुलत्या एका मुलीनं.

"कुत्र्याला वाढतात तसं वाढतेस की गं," गेलन म्हणाला.

"कुत्र्याला आई घरात घेते," नोरीन म्हणाली आणि आत निघून गेली.

गेलन टोमॅटोच्या कारखान्यात ट्रकवर होता. शेतांतून पेट्या भरायच्या, कारखान्यात रित्या करायच्या. ऑगस्टमध्ये सगळ्या गावाला उकळत्या टोमॅटोचा वास यायचा आणि त्याच्या शर्टाला तो बारा महिने यायचा. अंगानं बारीक, बोलायला कमी. पण मातीच्या ट्रॅकवर गाडी तिरकी घालून वळणातून काढायचा तेव्हा कठड्यावरची माणसं उठून उभी राहायची. पॉपनं त्याला दोन संध्याकाळी बघितलं आणि तिसऱ्या संध्याकाळी गाडी दिली. वर्षभरानं नोरीनही दिली. लग्नानंतर ओपलनं त्याला टेबलावर घेतलं. "ड्रायव्हर म्हणून नाही, जावई म्हणून," एवढं तिनं सांगितलं. पण त्याच्या ताटात वाढताना ती कधीच त्याच्या तोंडाकडे बघत नसे.

त्या काळात इंडियानाच्या प्रत्येक जत्रेच्या मैदानावर शर्यत असायची. शनिवारी इथे, रविवारी ओहायोत, बुधवारी रात्री इलिनॉयमध्ये. गेलनसोबत असायचा लॉयल केम्प. शेजारच्या गावचा, सहा फुटांवर उंच, क्वेकर पंथाच्या शेतकऱ्याचा मुलगा. बाप प्रार्थनेत तासभर गप्प बसायचा, त्याची भरपाई लॉयल दिवसभर बोलून करायचा. दोघांच्या गाड्या वेगळ्या, मालक वेगळे, पण प्रवास एकत्र. एकाच स्टेशन वॅगनमध्ये झोपायचं, एकाच खोक्यातलं तळलेलं चिकन खायचं आणि मैदानावर एकमेकाला इंचभर जागा द्यायची नाही.

"गेलन, तू पुढे असतोस ना, ते मी मागून ढकलतो म्हणून," लॉयल म्हणायचा.

"मग जरा जोरात ढकल. काल दुसराच आलो."

दोघांना हवं होतं एकच. मे महिना, इंडियानापोलिस, पाचशे मैलांची शर्यत. त्याआधी एकेकट्यानं फेऱ्या मारून वेळ नोंदवायची, आणि सगळ्यांत वेगवान तेहतीस गाड्यांना आत घेतात. चौतिसाव्याला कुणी विचारत नाही. आपल्याकडची पोरं चालायला लागली की बाप त्यांना त्या मैदानाच्या कुंपणाशी नेऊन उभं करतो. त्यामुळे 'तुला का जायचंय तिथे?' असं गेलनला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं.

पहिल्या वर्षी इंजिन फुटलं. दुसऱ्या वर्षी सरावात गाडी भिंतीला लागली आणि मनगट मोडलं. तिसऱ्या वर्षी तो आत होता. म्हणजे शेवटच्या रविवारी संध्याकाळपर्यंत होता, तेहतिसावा, सगळ्यांत शेवटचा. मैदान बंद व्हायला जराच वेळ उरलेला असताना एक गाडी वेळ नोंदवायला ट्रॅकवर उतरली आणि गेलनपेक्षा डोळ्याची पापणी लवेल तेवढी लवकर परत आली. गेलन बाहेर पडला. आत आला लॉयल.

त्या काळी बायकांना गाड्यांच्या भागात पाऊल ठेवू देत नसत. नोरीन तारेच्या कुंपणाबाहेर हातात घड्याळ घेऊन उभी होती. लॉयल चालत आला आणि गेलनसमोर थांबला. त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

"बोल काहीतरी," लॉयल म्हणाला. "शिवी दे. आईवरून दे."

"तू जोरात आलास," गेलन म्हणाला. "यात शिवी कुठून आली?" त्यानं लॉयलच्या खांद्यावर थाप मारली, हसला, आणि ट्रकच्या मागे जाऊन ओकला. नोरीनला कुंपणातून ते सगळं दिसलं. लॉयलला दिसलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ओहायोच्या एका ट्रॅकवर पुढच्या गाडीच्या चाकाखालून दगड उडाला आणि गेलनच्या गॉगलची काच फुटली. डाव्या डोळ्यात रक्त साकळलं. तिथल्या डॉक्टरनं पट्टी बांधली, कितीतरी दिवस पडून राहायला लावलं आणि पट्टी काढल्यावर म्हणाला, "आहे हे असं आहे. याहून बरं होणार नाही." गेलन त्या डोळ्यानं बघायचा तेव्हा समोरच्या माणसाचं तोंडच दिसायचं नाही, नुसते कान दिसायचे. काचेवर कुणी ग्रीसचा अंगठा उमटवावा, तसं मधोमध काहीतरी बसलं होतं.

हे कळलं फक्त नोरीनला. गेलन मातीवर गाडी चालवत राहिला आणि जिंकतही राहिला. या शर्यतींत गाडी कायम डावीकडेच वळते. ज्या बाजूला बघायचं ती बाजूच अधू झालेली. म्हणून त्यानं मान जास्त वळवायची सवय लावून घेतली.

"मान का रे अशी कोंबड्यासारखी करतोस?" पॉपनं एकदा विचारलं.

"अवघडलीय, पॉप."

"मग तेल लाव. गाडीतलं नको लावूस, महाग आहे."

त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्नियाहून फोन आला. एका बिल्डरनं नवी गाडी बांधून घेतली होती, इंजिन मागे बसवलेली, हलकी, वेगवान. त्याला मे महिन्यासाठी मातीवर घासून तयार झालेला ड्रायव्हर हवा होता. इतकी चांगली गाडी गेलनला उभ्या जन्मात कुणी दिली नव्हती, आणि तो आता तिशी ओलांडून पुढे गेला होता. पुन्हा कुणी देईल असंही नव्हतं. अडचण एकच. इंडियानापोलिसला उतरण्याआधी डॉक्टर तपासतात, एकेक डोळा झाकून.

"एकदाच, नोरी," गेलन म्हणाला. "हे एक वर्ष. मग नाही."

"मग काय?"

"मग टोमॅटो."

नोरीन गावच्या शाळेच्या कचेरीत कामाला होती. नर्सच्या खोलीत अक्षरांचा तक्ता टांगलेला होता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. सगळ्या दवाखान्यांत हाच तक्ता असतो हे तिला ठाऊक होतं. शुक्रवारी दुपारी तिनं तो गुंडाळून कोटाखाली घातला आणि घरी आणला. तिला कुणी भाग पाडलं नव्हतं. त्याच्यावरच्या मायेपोटी तिनं हे केलं असं म्हणता येईल, आणि ते खोटंही नाही. पण इतकी वर्षं कुंपणाबाहेर घड्याळ धरून ती उभी राहिली होती. तिलाही आता आपल्या माणसाला आत गेलेलं बघायचं होतं.

तक्ता फ्रीजच्या दारावर चिकटवला. गेलन खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसला, उजव्या डोळ्यावर लाकडी डाव उलटा धरून.

"वाच."

"टी, ओ, झेड."

"दिसतंय का पाठ आहे?"

"वरचं दिसतं. बाकी पाठ."

"पाठ असून भागणार नाही. तो मधूनच बोट ठेवेल. उलटं म्हण."

त्यानं उलटं म्हटलं. मधूनच म्हटलं. नोरीन नूडल्सच्या पिठाचे हात पुसत लाटण्यानं अक्षरं दाखवायची आणि तो लाटण्याच्या उंचीवरून अक्षर ओळखायचा. एकदा तिनं तक्त्याबाहेर, फ्रीजच्या मुठीवर लाटणं ठेवलं आणि त्यानं ठासून सांगितलं, "डी!" दोघंही हसत सुटले. डाव खाली पडला. पोट धरून दोघं किती वेळ हसत होते. तसं पुन्हा ती दोघं एकत्र कधी हसली नाहीत.

मे महिन्यात डॉक्टरनं गेलनचा उजवा डोळा झाकला, तक्त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ससाण्याचे डोळे आहेत बुवा तुमचे."

गेलन त्या वर्षी आत आला. शेवटच्या रांगेत, पण आत. लॉयल त्याच्या एक रांग पुढे होता. शर्यतीच्या सकाळी लॉयल हातमोजे चढवत आला आणि म्हणाला, "हे बघ, या वर्षी मागून ढकलू नकोस. मी आपला आपण जातो." गेलन हसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्या सकाळी तिथे कुणाचा चेहरा पांढरा नसतो?

नोरीन स्टँडमध्ये बसली होती, सुरुवातीच्या रेषेच्या जरा पुढे. शेजारी लॉयलची बायको व्हर्ना. फुगे सुटले, बँड वाजला, गाड्या रांगांनी संथ फिरून आल्या आणि मग हिरवा झेंडा पडला. पुढच्या रांगा निघून गेल्या. मग मधल्या कुठल्याशा रांगेत एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकावर चढलं. उघड्या चाकांचं हेच असतं. चाक चाकावर चढलं की गाडी उडते. एक गाडी उडाली, दुसरी गरगरली, धूर झाला. लॉयलची गाडी भिंतीवर आदळून परत आली आणि वाटेत आडवी थांबली. मागच्या गाड्या डावीकडून, गवताच्या कडेनं निघून गेल्या. एक गेली. दुसरी गेली. नोरीन उभी राहिली. तिला वरून स्वच्छ दिसत होतं. डावीकडे वाट मोकळी होती, ट्रक जाईल इतकी मोकळी.

गेलनची गाडी डावीकडे वळली नाही. ती सरळ आली, शेवटच्या क्षणी उजवीकडे, भिंतीकडे झुकली, आणि तिचं नाक लॉयलच्या गाडीत घुसलं, बरोबर जिथे त्याचे पाय होते तिथे.

झेंडा लाल झाला. सगळं थांबलं.

मैदानातल्या इस्पितळाबाहेर बायकांना उभं केलं होतं. गेलनला खरचटलंही नव्हतं. लॉयलला आत नेलं होतं आणि आतून येणाऱ्या नर्सचे बूट लाल झाले होते. व्हर्नानं नोरीनचे दोन्ही हात धरले. स्वतःचा नवरा आत असताना ती नोरीनची समजूत घालत होती.

"अगं, गेलनला काही झालं नाही ना? देवाचे उपकार. तो काय करणार बिचारा? समोर नुसता धूर."

"हो," नोरीन म्हणाली. "धूर होता."

दुपारी शर्यत पुन्हा सुरू झाली. तीसेक गाड्यांच्या घशातून तो आवाज आभाळाला भिडला. रस्क, केम्प आणि मोडलेल्या आणखी एक-दोन गाड्या सोडून बाकीचे पाचशे मैल तोडायला निघाले. गेलननं सुरुवातीची रेषासुद्धा ओलांडली नव्हती. त्याच्या नावापुढे फेऱ्यांच्या जागी शून्य लागलं आणि ते कायमचं तसंच राहिलं.

परत येताना गाडी नोरीन चालवत होती. रस्त्याच्या दुतर्फा लोक अंगणात खुर्च्या टाकून रेडिओ ऐकत होते. आवाज एका अंगणातून दुसऱ्या अंगणात त्यांच्या सोबतच चालला होता. गाव जवळ आलं तेव्हा गेलन बोलला.

"डावीकडे वाट होती का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"होती," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा गेलननं धूर सांगितला. सगळ्यांनी धूरच सांगितला, कारण धूर होताच.

लॉयलचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. डावा वाचला, पण पुन्हा वाकला नाही. गेलन रोज इस्पितळात जाऊन बसायचा.

"तोंड पाडून बसू नकोस," लॉयल म्हणायचा. "तू नसतास तर दुसरा कुणी येऊन आदळला असता. ओळखीच्या माणसानं ठोकलं, तेवढंच बरं वाटतं." आणि व्हर्ना घरून साखर-सायीचा केक आणायची आणि त्याचा मोठा तुकडा गेलनपुढे करायची. "खा रे. तू किती वाळलास." गेलन खायचा. ताटलीत कणही ठेवायचा नाही. नोरीनला ते बघवत नसे, म्हणून ती इस्पितळात जाईनाशी झाली.

कॅलिफोर्नियाचा फोन पुन्हा आला नाही. गेलन मातीवर गाडी चालवत राहिला, पण आता कठड्यावरची माणसं उठून उभी राहत नव्हती. नको तिथे घुसायचा, नको तितक्या वेगात. ज्यांना तो वर्षानुवर्षं ओळखत होता ते ड्रायव्हर त्याच्यापासून लांब गाडी ठेवू लागले. दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत, एका सकाळी पॉप गॅरेजमध्ये आला. गेलन गाडीवर वाकून काम करत होता. पॉप त्याच्या डाव्या बाजूनं आला, अगदी जवळ, आणि हातातला हातोडा त्यानं गेलनच्या गालापाशी नेला. गेलन काम करत राहिला.

पॉप तसाच उभा होता. मागच्या पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसलेल्या नोरीनला उघड्या दारातून ते दिसलं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधीपासून?" पॉपनं विचारलं.

गेलन दचकला. हातोडा बघितला.

"मेच्या आधी का नंतर?"

पॉपनं दाराकडे, पोरीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. म्हाताऱ्याला मग आणखी काही विचारायची गरज उरली नाही. तो कोपऱ्यात गेला, लोखंड कापायची गॅसची नळी ओढत आणली, चष्मा चढवला आणि स्वतःच्या हातांनी बांधलेली ती गाडी कापायला लागला. आधी पुढचा आस, मग सांगाडा, मग बसायची जागा. गेलन बाजूला उभा राहून बघत होता. ठिणग्या त्याच्या बुटांवर पडत होत्या. दुपारपर्यंत जमिनीवर नुसते नळ्यांचे तुकडे उरले.

"मी आजपर्यंत दोघांना खांदा दिला," पॉप म्हणाला. "पण ते त्यांच्या मरणानं मेले. तुम्ही दोघांनी काय केलंत हे कळतंय का तुम्हाला?"

त्यानं ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, ओपललासुद्धा नाही. त्याच हिवाळ्यात तो झोपेत गेला. मरेपर्यंत लेकीशी तो हवापाण्याचंच बोलला.

पुढे तपासणीत डोळ्यामुळे ट्रकचं लायसन गेलं. गावाला वाटलं, डोळा हल्लीच अधू झाला. कारखान्यानं गेलनला पट्ट्यावर उभं केलं, सरकत येणाऱ्या टोमॅटोंमधून सडके वेचायच्या कामावर. तिथे बायका आणि म्हातारे असत. घरी तो खुर्चीतच झोपायचा. चर्चमध्ये जायचा, पण प्रभूभोजनाची थाळी आली की शेजाऱ्याकडे सरकवायचा. नोरीनशी भांडायचा नाही. एखाददा तरी भांडला असता, डाव फेकून मारला असता, तर तिला बरं वाटलं असतं. "मीठ दे", "खिडकी लाव", "पाऊस येईल", एवढाच संसार उरला.

शनिवार मात्र वेगळा होता. लॉयलनं गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. लाकडी पाय लावून तो काउंटरमागे बसायचा आणि गिऱ्हाइकाला हसवायचा. ज्या कामाला वाकावं लागतं, जमिनीवर बसावं लागतं, ते सगळं तो शनिवारसाठी ठेवायचा, कारण शनिवारी गेलन यायचा. सकाळपासून अंधार पडेपर्यंत गेलन गुडघ्यांवर बसून पाती काढायचा, घासायचा, लावायचा. त्यानं एक सेंट कधी घेतला नाही. वीसेक वर्षं हा क्रम चालला. लॉयल बोलायचा, गेलन ऐकायचा. लॉयलला वाटायचं ही दोस्ती आहे. गेलनला काय वाटायचं ते त्यानं बोलून दाखवलं नाही, पण शनिवारी संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा नोरीननं वाढलेलं दोनदा मागून घ्यायचा. आठवड्यात तेवढंच जेवण त्याच्या अंगी लागायचं.

मग व्हर्ना वारली. चर्चच्या तळघरात जेवण होतं, बायकांनी घरून भांडी भरून आणली होती. लॉयल कुबडीवर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मला मूल नाही. जी होती ती आज गेली. आता माझं माणूस एकच, तो बघा, तिकडे खांबामागे लपलाय. माझ्यामागं दुकान गेलनचं. वकिलाशी बोलणं झालंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गेलनला पुढे ढकललं. लॉयलनं त्याला मिठी मारली. लॉयलच्या खांद्यावरून गेलनचा चेहरा नोरीनला दिसला, आणि पाण्यात बुडणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते तिला कळलं.

त्या दिवसापासून गेलनचं अन्न तुटलं. घास तोंडात घ्यायचा आणि तसाच बसायचा. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला.

"नाही म्हणून सांग त्याला," नोरीन म्हणाली. "दुकान नको म्हणून सांग."

"कारण काय सांगू?"

बुधवारी दुपारी ती एकटीच लॉयलच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तो पेट्रोलच्या टोपणांची खोकी लावत बसला होता.

"ये नोरी, बस. कॉफी घे. कडू आहे, व्हर्नाच्या हातची सवय होती, आता काय..."

"लॉयल, डावीकडे वाट होती," ती उभ्यानंच म्हणाली. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. तिनं सगळं सांगितलं. दगड, तक्ता, फ्रीज, लाकडी डाव. "त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. मला माहीत होतं. मीच त्याला पाठ करवून घेतलं."

लॉयल हातातल्या टोपणाकडे बघत होता. इतका वेळ गप्प असलेला लॉयल तिनं कधी पाहिला नव्हता.

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"बाबांना. शेवटी शेवटी."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना." त्यानं टोपण खोक्यात ठेवलं. "व्हर्ना त्याला केक खाऊ घालायची, नोरी."

"हो."

"मी रोज सकाळी हा लाकडाचा ओंडका बांधतो ना, तेव्हा स्वतःला सांगतो, लॉयल, नशीब होतं. नशिबाशी भांडून काय मिळतं? एवढ्यावर मी जगलो. आता या वयात मी कुणाशी भांडू? तुझ्याशी? तुझ्या त्या डावाशी?"

"मला वाटलं तुला कळायला हवं."

"नाही. तुला सांगायला हवं होतं." त्याचा आवाज चढला नाही. "हलकं वाटतंय ना आता? मग जा. दार ओढून घे."

नोरीननं गेलनला काही सांगितलं नाही. शनिवारी तो नेहमीसारखा निघाला. दोन मैल चालत जायचा. तासाभरात परत आला. दुकानाचं दार आतून बंद होतं. काचेतून लॉयल काउंटरमागे बसलेला दिसत होता. गेलननं काचेवर टकटक केलं. लॉयलनं त्याच्याकडे बघितलं, बघत राहिला, आणि मग खुर्ची फिरवून पाठ केली.

"तू सांगितलंस," गेलन म्हणाला.

"सांगितलं."

"का?"

"तू मरत होतास. माझ्या डोळ्यांदेखत."

"मरत होतो तर मरू द्यायचंस," तो म्हणाला. तो रागावला नव्हता. तिला वाटलं होतं की निदान आज तरी रागावेल. "माझ्याकडे एक शनिवार होता, नोरी. तेवढाच होता."

लॉयलनं दुकान विकलं आणि तो फोर्ट वेनला बहिणीकडे राहायला गेला. गावात लोक तर्क करत राहिले. कुणी म्हणालं व्हर्नाच्या दुःखानं गेला, कुणी म्हणालं बहीण श्रीमंत आहे. रस्क नवरा-बायको एकाच घरात राहिली. ती त्याचे कपडे धुवायची, तो तिच्या गाडीवरचं बर्फ खरवडायचा.

जे कधीकाळी त्या मोठ्या शर्यतीत उतरले होते, त्यांच्यासाठी दर मे महिन्यात इंडियानापोलिसला जेवण असतं. एक फेरी केलेल्यालाही बोलावतात आणि न केलेल्यालाही. गेलनला दर वर्षी बोलावणं यायचं. तो ते वाचायचा आणि म्हणायचा, "तिथे लॉयल येणार. त्याला एक तरी संध्याकाळ सुखाची मिळू दे." आणि जायचा नाही. पुढे ओपल गेली, कारखाना बंद पडला, टोमॅटोच्या शेतांत सोयाबीन आलं. एका सप्टेंबरात अंगणातली पानं गोळा करताना गेलन पडला तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. नोरीनच्या ओळखीचा नसलेला एक म्हातारा काठी टेकत तिच्याजवळ आला. जुन्या काळचा मेकॅनिक. ते मे महिन्याचं जेवण तोच भरवायचा.

"तुम्ही मिसेस रस्क ना? गेलनला आम्ही दर वर्षी बोलवायचो हो. कधी आला नाही."

"प्रकृती बरी नसायची," नोरीन म्हणाली.

"आणि केम्पही. लॉयल केम्प. दोघांच्या खुर्च्या आम्ही शेजारी-शेजारी ठेवायचो, इतकी जोडी होती त्यांची. तो तर फोर्ट वेनला वारला, दोन वर्षं झाली. तोही एकदासुद्धा आला नाही. आम्ही आपलं म्हणायचो, हे दोघं मिळून कुठेतरी मासे धरायला जात असणार आणि आम्हाला टांग मारत असणार."

लॉयल गेल्याचं नोरीनला त्या क्षणी कळलं. तिनं किटली उचलली आणि म्हाताऱ्याच्या कपात कॉफी ओतली.

"हो," ती म्हणाली. "त्या दोघांना मासे धरायला फार आवडायचं."

गळाला आमिष कसं लावतात, हे त्या दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.